तुमच्या लॅपटॉपवर बिल्ड झालं म्हणजे झालं असं नसतं, मंडळी

मराठी टायपिंगची टूल्स, शब्दकोश, स्पेलचेक, वाचनालयाचा कॅटलॉग, शाळेचे दाखले काढायचं सॉफ्टवेअर असलं काय काय लिनक्ससाठी लिहून फुकट वाटणाऱ्या तमाम डेव्हलपर लोकांना,

सप्रेम नमस्कार.

आधीच सांगतो, तुमच्याबद्दल राग नाहीये. तुम्ही नोकरी सांभाळून रात्री बसून कोड लिहिता म्हणून आमच्या इथल्या शाळांमधल्या पोरांना मराठीत टाइप करता येतं, हे मला पक्कं माहितीय. पण तुमचं सॉफ्टवेअर गिटवरून, म्हणजे तुमच्या कोडच्या साठ्यातून, निघाल्यापासून ते राजापूर-देवगड पट्ट्यातल्या एखाद्या वाचनालयाच्या मशीनवर डबल क्लिक करून उघडेपर्यंत मधे एक काम असतं, ते म्हणजे त्याचं डेब पॅकेज बनवणं, म्हणजे डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर थेट इन्स्टॉल होणारी फाइल करणं, आणि ते काम इथे माझ्यासारखी दोनचार माणसं करतात. आणि त्या कामात आमचा जो वेळ जातो त्यातला निम्म्याहून जास्त तुमच्या बिल्ड डिपेंडन्सींच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवताना (बिल्ड करताना) लागणाऱ्या सामानाच्या, यादीपायी जातो. बाकीचा लाइट नसते म्हणून जातो, त्यात तुमचा दोष नाही.

आता तुम्ही म्हणाल एक पॅकेज बनवायचं तर त्यात एवढं काय. एक नसतंच ना. आमच्याकडची मशीनं बघा आधी. बरीचशी मशीनं चाकरमान्यांच्या मंडळांनी मुंबईच्या ऑफिसांतून जुनी झालेली उचलून गावच्या शाळेला दिलेली, मुंबई-गोवा हायवेचे खड्डे खात आलेली, कधी कधी आल्यावर पहिलं काम म्हणजे आतली सुटलेली केबल परत बसवणं. त्यावर ज्याने ज्या वर्षी जे टाकलं ते आजपर्यंत चालू आहे. लॉकडाउनच्या आसपास टाकलेली उबुंटू २०.०४ आहेत, त्यानंतरची २२.०४, नवीन लॅपटॉपवर २४.०४, आणि काही अगदी जुनी ३२ बिटवाली आहेत त्यांच्यावर डेबियन १२, कारण उबुंटूने ३२ बिटचं दुकान कधीच बंद केलं आणि डेबियननेसुद्धा १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर द्यायचं थांबवलं, म्हणजे त्या मशीनांचा प्रवास १२ वरच संपतो. आणि हौशी मास्तर लोक असतात, ते डेबियन १३ आल्या आल्या टाकून मोकळे झाले.

म्हणजे एकाच तालुक्यात पाच रिलीज, पाच आवृत्त्या. प्रत्येकीत कोडचा प्रोग्रॅम करणारा कंपायलर (जीसीसी) वेगळा, पायथन वेगळं, लायब्ररी (तयार कोडचे संच) वेगळ्या. २०.०४ वर जीसीसी ९ आणि पायथन ३.८, २२.०४ वर ११ आणि ३.१०, डेबियन १२ वर १२ आणि ३.११, २४.०४ वर १३ आणि ३.१२, डेबियन १३ वर १४ आणि ३.१३. तुमचा कोड एकच. त्याने या पाचही घरी नीट वागावं अशी माझी अपेक्षा आहे, आणि ती फार मोठी आहे असं मला वाटत नाही.

"अपग्रेड करा ना मग" असं तुमच्यातले बरेच जण पटकन लिहून मोकळे होतात. करतो की. पण अपग्रेड म्हणजे एका मशीनला दोनेक जीबी डाउनलोड, लॅबमध्ये दहाबारा मशीन, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि जून ते सप्टेंबर मधेच लाइट गेली की अर्धवट अपग्रेड झालेलं मशीन घेऊन बसा. त्यात बाईंना परीक्षेच्या आधी स्क्रीनवरचं एक बटणही हललेलं चालत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. २२.०४ ला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे, मग ते मशीन २०२७ पर्यंत हक्काने चालणार. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ ला संपला, तिथे मी तुमच्या बाजूने आहे, ती मशीनं आम्ही हळूहळू हलवतोय. पण २२.०४ ला "जुनं" म्हणू नका प्लीज.

आता मूळ दुखण्यावर येतो. तुमची यादी अपुरी असते. पॅकेजच्या माहितीची जी कंट्रोल फाइल असते तिच्यात बिल्ड-डिपेंड्स नावाची जी ओळ असते, किंवा रीडमीमध्ये "हे हे इन्स्टॉल करा" म्हणून जे लिहिलेलं असतं, ती ज्याने लिहिली त्याच्या लॅपटॉपवर गेली चार वर्षं पन्नास डेव्ह पॅकेजेस (बिल्डपुरती लागणारी) पडून आहेत. ज्याच्या घरात मीठ कायम असतं तो बाजाराच्या यादीत मीठ लिहीत नाही, तसं होतं ते. लायब्ररी शोधून देणारं पीकेजी-कॉन्फिग लिहायचं राहतं, भाषांतराचं गेटटेक्स्ट लिहायचं राहतं, खिडक्या-बटणांच्या क्यूटी लायब्ररीची भाषांतरं बनवायची टूल्स वेगळ्या पॅकेजमध्ये असतात ते राहतं. तुमच्याकडे बिल्ड होतं. माझ्याकडे कोऱ्या खोलीत फुटतं. कोरी खोली म्हणजे एसबिल्ड किंवा पीबिल्डर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे प्रोग्रॅम त्या त्या रिलीजची अगदी किमान सिस्टिम एका वेगळ्या फोल्डरमध्ये उभी करतात, त्यात फक्त तुमच्या यादीतली पॅकेजेस टाकतात, बिल्ड करतात आणि मग खोली मोडून टाकतात. तिथे लपवाछपवी चालत नाही. यादीत नाही म्हणजे घरात नाही.

हे तुम्हाला करायला काय लागतं? एक कंटेनर, म्हणजे तुमच्याच मशीनच्या आत उभी केलेली वेगळी कोरी सिस्टिम. डॉकर घ्या नाहीतर पॉडमन घ्या, डेबियन बुकवर्मची (म्हणजे १२ ची) इमेज उघडा, तुमचा सोर्स आत टाका आणि "एपीटी बिल्ड-डेप" त्या फोल्डरवर चालवा, ते कंट्रोल फाइल वाचून यादीतलं सगळं आणतं, मग बिल्ड करा. फुटलं तर यादी अपुरी. एवढी साधी परीक्षा आहे आणि माझ्या अंदाजाने तुमच्यातल्या फार थोड्या लोकांनी ती दिलीय.

अपुरी यादी तरी परवडली. एरर येतो, नाव कळतं, एक ओळ वाढवतो. खरा ताप म्हणजे खोटे आकडे. तुमच्या लॅपटॉपवर सीमेक (बिल्ड कसं करायचं ते ठरवणारं टूल) ३.२८ आहे म्हणून त्याच्या सीमेकलिस्ट्स फाइलमध्ये किमान ३.२८ लिहायचं, ही फॅशन कुणी काढली? २२.०४ वर सीमेक ३.२२ आहे, डेबियन १२ वर ३.२५. दोन्हीकडे पहिल्याच ओळीला बिल्ड थांबतं. मी तो आकडा ३.१६ करून बघतो आणि सगळं व्यवस्थित होतं, एक वॉर्निंगसुद्धा नाही, म्हणजे ३.२८ मधलं एकही फीचर तुम्ही वापरलेलं नव्हतं. किमान म्हणजे तुमच्याकडे आहे ते नाही हो, किमान म्हणजे ज्याच्या खाली खरोखर चालत नाही ते, आणि ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

आणि उलटंही होतं. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये (नाव घेत नाही, लेखक भला माणूस आहे) किमान २.८ लिहिलेलं, दहा वर्षं कुणी हात लावला नाही. मार्च २०२५ मध्ये सीमेक ४.० आलं आणि त्याने ३.५ च्या खालचं सगळं सांभाळणं बंद केलं, म्हणजे २.८ लिहिलेला प्रोजेक्ट तिथे कॉन्फिगरच होत नाही. म्हणजे फार वरचा आकडा लिहिलात तर जुन्या रिलीजवर अडकणार, फार खालचा लिहून विसरलात तर नव्यावर. सीमेकमध्ये "३.१६ पासून ३.२८ पर्यंत" अशी रेंज मधे तीन टिंबं टाकून लिहिता येते, खालचा आकडा किमानाचा आणि वरचा तुम्ही कुठपर्यंत तपासलंय त्याचा. ती लिहा आणि वर्षातून एकदा तिच्याकडे बघा, बस.

डेबहेल्पर या पॅकेज बनवायच्या टूलचंही तेच. पॅकेजिंगची फाइल कुठल्यातरी नव्या पॅकेजमधून कॉपी मारायची, त्यात कॉम्पॅट १३ (डेबहेल्परची हवी ती पातळी) लिहिलेलं असतं, आणि २०.०४ वर डेबहेल्परच १२ आहे. बॅकपोर्ट्स (जुन्या रिलीजसाठी नवी पॅकेजेस देणारा साठा) चालू करून नवीन मिळतं, खोटं नाही, पण पॅकेजला त्या १३ मधलं काही लागतंय का हे तरी बघा. दाखले काढायच्या सॉफ्टवेअरला १२ पुरतं. कधी कधी ११ पण.

नावं बदलतात हा पुढचा प्रकार. यात तुमचा दोष कमी आणि डिस्ट्रोचा (उबुंटू, डेबियनवाल्यांचा) जास्त, पण निस्तरायचं दोघांनी मिळून. क्यूटी५-डिफॉल्ट नावाचं एक पॅकेज होतं, रीडमीमध्ये सगळ्यांच्या तेच, ते डेबियन ११ मधून आणि उबुंटू २१.०४ पासून गेलं. अजून लोक तेच लिहितायत! आणि गंमत म्हणजे क्यूटीबेस५-डेव्ह हे नाव २०.०४ पासून डेबियन १३ पर्यंत सगळीकडे आहे, ते लिहिलं की विषय संपला. म्हणून माझं पहिलं म्हणणं असतं की आधी असं नाव शोधा जे सगळ्या रिलीजमध्ये सापडतं. आरमॅडिसन नावाची छोटी कमांड आहे, पॅकेजचं नाव दिलं की कुठल्या रिलीजमध्ये कुठलं व्हर्जन आहे ते एका टेबलात दाखवते. कंट्रोल फाइल लिहिताना शेजारच्या टर्मिनलमध्ये ती उघडी ठेवा.

असं नाव सापडलंच नाही तर मग उभी रेघ मारून "हे किंवा ते" लिहायचं. वेबपानं दाखवणाऱ्या वेबकिट लायब्ररीचं उदाहरण घ्या, मदतीची खिडकी दाखवायला तुमच्यातले बरेच जण वापरतात. २०.०४ वर फक्त ४.० वाली आवृत्ती, २२.०४ वर ४.० आणि ४.१ दोन्ही, २४.०४ वर ४.० गायब. दोघांत मुख्य फरक एवढाच की ४.० नेटशी बोलणाऱ्या जुन्या लिबसूप २ वर आणि ४.१ नव्या लिबसूप ३ वर बसते. तेव्हा यादीत ४.१ आधी, मग उभी रेघ, मग ४.०. आधी-नंतर म्हणतोय ते उगाच नाही, डेबियनची अधिकृत बिल्ड मशीनं अनस्टेबलसाठी (अजून तयार होत असलेल्या आवृत्तीसाठी) बिल्ड करताना फक्त पहिलं नाव बघतात आणि रेघेच्या पुढचं सोडून देतात, म्हणजे नवीन नाव नेहमी पहिलं. आणि नुसती यादी बदलून भागत नाही, तुमच्या सीमेकमध्ये पण दोन्ही नावं शोधायची सोय पाहिजे, नाहीतर पॅकेज इन्स्टॉल झालं पण कोड जुन्याच नावाने हाका मारतोय असं होतं. आणि स्वतःच्या कोडमध्ये कुठे लिबसूप थेट वापरत असाल तर तेही बदला, कारण २ आणि ३ एकाच प्रोसेसमध्ये आले की प्रोग्रॅम सुरू होता होताच बंद पडतो.

फेडोरावाल्यांकडे याबाबतीत जरा सुख आहे, तिथे कंट्रोल फाइलच्या जागी असलेल्या स्पेक फाइलमध्ये पॅकेजचं नाव न लिहिता पीकेजी-कॉन्फिगचं नाव लिहून मागता येतं, मग पॅकेजचं नाव काहीही होवो. पण आमच्या भागात फेडोरा एखाददुसऱ्याकडेच.

आता आयसीयू नावाच्या लायब्ररीबद्दल थोडं लांबण लावतो, कारण मराठीचं काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ती असते. जोडाक्षरासकट अक्षर कुठे संपतं, "अ" ते "ज्ञ" क्रमाने कसं लावायचं, हे सगळं तीच सांगते. आणि ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक रिलीजमध्ये नाव बदलते. २०.०४ वर लिबआयसीयू६६, डेबियन ११ वर ६७, २२.०४ वर ७०, डेबियन १२ वर ७२, २४.०४ वर ७४, डेबियन १३ वर ७६. बिल्ड करायला लिबआयसीयू-डेव्ह सगळीकडे तेच, त्याचा त्रास नाही. त्रास कुठे, तर तुम्ही रनटाइमच्या (प्रोग्रॅम चालताना काय लागतं त्याच्या) डिपेंड्समध्ये हाताने "लिबआयसीयू७०" लिहून ठेवता. का? डेब पॅकेजेस सांभाळणाऱ्या डीपीकेजीमध्ये बिल्डमधून बाहेर पडलेल्या बायनरीला (तयार प्रोग्रॅमला) कुठली लायब्ररी लागते ते बघून नाव आपोआप भरायची सोय आहे, श्लिब्ज डिपेंड्सचा व्हेरिएबल लिहिला की झालं, आणि प्रत्येक रिलीजच्या खोलीत बिल्ड केलं की प्रत्येकीचं बरोबर नाव त्यात येतं. २४.०४ मध्ये तर लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं, कारण ३२ बिट मशीनांवर वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला संपतो म्हणून तो ६४ बिट करताना शेकडो लायब्ररींच्या नावामागे टी६४ लावलं. असलं तुम्ही हाताने कुठे सांभाळत बसणार?

आयसीयूनेच आणखी एक केलंय. ७५ पासून तिच्या हेडर फाइलींना सी++१७ (सी++ भाषेची २०१७ ची आवृत्ती) लागतं. म्हणजे तुमच्या प्रोजेक्टमध्ये "सी++११" असं ठोकून लिहिलेलं असेल तर २४.०४ पर्यंत सगळं छान आणि डेबियन १३ वर एररचा पाऊस, आणि त्यातला एकही एरर तुमच्या फाइलमधला नाही, सगळे आयसीयूच्या हेडरमधले, त्यामुळे माणूस आधी आयसीयूलाच शिव्या घालतो. १७ करा. २०.०४ चा जीसीसी ९ सुद्धा १७ झेपवतो, त्यात जुन्याचं नुकसान नाही.

जीसीसी १४ चं पण सांगून टाकतो. सी मध्ये फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं तर इतकी वर्षं नुसती वॉर्निंग यायची, १४ पासून तो सरळ एरर झाला. ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये वॉर्निंगचा ढीग पडलाय त्यांना डेबियन १३ वर तो आता उपसावा लागणार. पायथनवाल्यांनी ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स (प्रोग्रॅम बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलं, म्हणजे सेटअप फाइलमध्ये वरच डिस्टयुटिल्स इम्पोर्ट केलेलं असेल तर २४.०४ वर मॉड्यूलच सापडत नाही, आणि यादीत पायथन३-डिस्टयुटिल्स लिहिलं असेल तर ते पॅकेजही तिथे नाही. सेटअपटूल्स लिहा, ते पाचही ठिकाणी आहे.

आता ज्याच्यावर माझं डोकं खरंच फिरतं ते. बिल्ड चालू असताना नेटवरून सामान ओढणं. सीमेकचं फेचकंटेंट, मधेच चाललेलं पिप इन्स्टॉल, एनपीएम. तुम्हाला ते सोयीचं आहे, कळतं मला, एक ओळ लिहिली की हवं ते हव्या त्या व्हर्जनचं येतं आणि डिस्ट्रोत काय आहे त्याची कटकट नाही. पण डेबियनच्या धोरणातच लिहिलंय की मेन (डेबियनचा मुख्य साठा) मधल्या पॅकेजने बिल्ड करताना नेटला हात लावायचा नाही. तिथे तुमचं सॉफ्टवेअर कधी जायचं असेल तर हे काढावंच लागणार. आणि डेबियनचं राहू द्या, इथलं बघा. मी पाच रिलीजसाठी बिल्ड लावतो. एपीटीचं सगळं डाउनलोड एकदा झालं की एपीटी-कॅशर-एनजी मध्ये साठतं, दुसऱ्यांदा नेट लागत नाही, त्यामुळे पावसाळ्यातसुद्धा माझं काम चालतं. पण तुमचं फेचकंटेंट प्रत्येक खोलीत, प्रत्येक वेळी, पहिल्यापासून तीच गिट रिपॉझिटरी ओढत बसतं, आणि मधे रेंज गेली की पाऊण तासाचं बिल्ड फुकट. त्यात कुणी व्हर्जन न लिहिता नुसतं "मेन" ब्रांच (सतत बदलता कोड) लिहिलेलं असेल तर सोमवारी झालेलं बिल्ड बुधवारी त्याच सोर्सवर फुटतं आणि कारण शोधत बसा. आधी सिस्टिममधली लायब्ररी शोधा, सापडली तर ती घ्या, नाहीच तर आणा, आणि ते आणणं बंद करायला एक ऑप्शन ठेवा. एवढंच मागतोय.

"मग फ्लॅटपॅक करा, ॲपइमेज करा, या सगळ्या भानगडीतून सुटाल" असंही ऐकवतात, म्हणजे लागणारं सामान प्रोग्रॅमबरोबर एकाच डब्यात भरून द्या. काही सॉफ्टवेअरसाठी बरोबर आहे, कॅटलॉगचं सॉफ्टवेअर मी स्वतः ॲपइमेजमध्ये देतो, तेही सगळ्यात जुन्या रिलीजवर बिल्ड करून, कारण जीलिबसीचा (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमला लागणाऱ्या मूळ लायब्ररीचा) नियमच तो आहे, जुन्यावर बनवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर "जीलिबसी २.३४ सापडलं नाही" म्हणून हात वर करतं. पण टायपिंगचं टूल आयबस या टायपिंगच्या यंत्रणेमध्ये बसावं लागतं, ते होस्ट सिस्टिमच्या आत, प्रत्येक ॲपच्या शेजारी हवं, ते फ्लॅटपॅकच्या डब्यात ठेवून काय उपयोग. आणि फ्लॅटपॅकचा पहिला रनटाइम उतरवायचा म्हणजे परत शेकडो एमबी. हॉटस्पॉटवर. असो.

मग काही जण उत्साहाने प्रत्येक रिलीजसाठी वेगळी ब्रांच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, करून देतात. हेतू चांगला आहे पण नका करू. सहा महिन्यांनी एका ब्रांचमध्ये दुरुस्ती येते आणि बाकीच्यांत येत नाही, आणि मग २२.०४ वर "र्‍या" नीट उमटतो आणि २४.०४ वर तुटतो, आणि वाचनालयातल्या ताईंचा फोन येतो "अरे ह्यां काय इलां?" म्हणून. सोर्स एकच ठेवा. फरक दोनच जागी असू द्या, कंट्रोल फाइलमधल्या उभ्या रेघांत आणि सीमेकच्या शोधाशोधीत. प्रत्येक रिलीजसाठी वेगळं फक्त व्हर्जनचं शेपूट, ते आम्ही लावतो.

त्या शेपटावरूनही एक सांगायचंय, कारण हे फार जण चुकवतात आणि कळायला वर्ष जातं. डीपीकेजीमध्ये टिल्डा (~) लावला की ते व्हर्जन टिल्डा नसलेल्यापेक्षा लहान धरलं जातं, म्हणून २.४-१ च्या मागे टिल्डा लावून रिलीजचा नंबर लिहायचा, म्हणजे उद्या अधिकृत २.४-१ आलं तर ते आपल्यावर बसतं. नंबर लिहायचा, नाव नाही. उबुंटूची फोकल, जॅमी, नोबल ही नावं इंग्रजी अक्षरक्रमाने चढत गेलीत म्हणून तिथे नाव चालून जातं. पण डेबियनचं १० बस्टर, ११ बुल्सआय, १२ बुकवर्म, आणि अक्षरक्रमात हे बरोब्बर उलटे लागतात! म्हणजे मास्तरांनी मशीन ११ वरून १२ वर नेलं की डीपीकेजीला जुनं बुल्सआयवालं पॅकेजच मोठं वाटतं, ते बदलत नाही, त्याच्यापायी जुनी लिबआयसीयू६७ पण मशीनवर तशीच पडून राहते, तिला आता कुठूनही सिक्युरिटी अपडेट नाही, आणि सगळं चालत असल्यामुळे कुणाला पत्ता नाही. तुमच्यातले जे स्वतः डेब बनवून साइटवर ठेवतात त्यांनी आपापल्या फाइलींची नावं आज एकदा बघा.

मला तुमच्याकडून नेमकं काय हवंय ते लिहितो. रीडमीमध्ये वरच लिहा की आम्ही अमुक रिलीजपासून अमुक रिलीजपर्यंत तपासतो. दोनच नावं पुरेत, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी. त्या दोघींचे कंटेनर तुमच्या सीआयमध्ये (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) लावा, प्रत्येक बदलाला बिल्ड होऊ दे, ओपन सोर्सला सीआय बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतं आणि मराठी स्पेलचेकरचं बिल्ड काही तास तास चालत नाही. जुनी रिलीज सोडायची असेल तर खुशाल सोडा, मी भांडणार नाही, तुमचा वेळ तुमचा आहे. पण सांगून सोडा. चेंजलॉगमध्ये एक ओळ, "या व्हर्जनपासून २०.०४ वर बिल्ड होणार नाही, शेवटचं चालणारं अमुक", एवढी असली की मी त्या मशीनांवर जुनं पॅकेज पक्कं करून ठेवतो आणि ताईंना आधीच सांगून ठेवतो. गुपचूप एक आकडा वाढवून ठेवलात की मला ते शाळा उघडायच्या आठवड्यात कळतं.

आणि शक्य असेल तर रिलीज टॅग करायच्या आठ दिवस आधी आरसी (रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती) टॅग काढा. मी आणि माझ्यासारखे दोघंतिघं आहोत, आम्ही पाचही खोल्यांत ते बिल्ड करून लॉग पाठवू, कुठे फुटलं, कुठल्या नावावरून फुटलं, काय बदललं की चालतं ते पॅचसकट. गणपतीच्या आसपास सोडून कधीही, त्या दिवसांत घरात पाहुणे असतात आणि कॉम्प्युटरच्या टेबलावर मोदकांची भांडी. पण गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांबरोबर पॅकेजेसचा पेनड्राइव्ह गावोगाव पोचतो हेही खरं, त्यामुळे यंदाचं मोठं व्हर्जन काढणार असाल तर आरसी श्रावण लागायच्या आत काढलेला बरा. तुमच्या इश्यू ट्रॅकरवर मी २२.०४ आणि डेबियन १३ चे फुटलेले लॉग आधीच टाकून ठेवलेत, सुरुवात तिथूनच करा.

तुमचाच,
सिंधुदुर्गातला एक पॅकेज बांधणारा